बिडी चालत नाही

माझ्या खोलीत आपण होऊन कुणी येत नाही. कुणाला बायकोनं ढकललेलं असतं, कुणाला हृदयाच्या डॉक्टरांनी, कुणाला लेकीच्या सासरच्यांनी. सांगलीतल्या एका रुग्णालयात तंबाखू सोडवायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. दारावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी आहे, पण सगळे त्या खोलीला ‘बिडीवाल्या बाईची खोली’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. आता नवीन माणसाला फोनवर पत्ता सांगताना मीच तसं सांगते.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं आणि जीभ दोन्हीकडची. अशा तिखट बाईकडं माणसं व्यसन सोडायला येतातच कशी, हे माझ्या सासूबाईंना अजून उमगलेलं नाही. आमच्या कामाचे दोन भाग असतात. एक गोळीचा, तो डॉक्टरांचा. दुसरा बोलण्याचा, तो माझा. माणसाचा हात खिशाकडं कधी जातो, कुणाबरोबर असताना जातो, कशाच्या पाठोपाठ जातो ते शोधायचं आणि त्या जागी दुसरं काहीतरी बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की घाम निघतो, समोरच्याचाही आणि माझाही.

भाई माझ्याकडं आला तो चाकाच्या खुर्चीतून. चाळिशीच्या आतला माणूस, सगळे त्याला भाईच म्हणायचे, राहायला माधवनगरला, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा. बाप बँडमध्ये, चुलते बँडमध्ये, घरात भिंतीला देखील वाद्यंच टांगलेली. उजव्या पायाची करंगळी काढलेली होती आणि तिच्या शेजारचं बोट जांभळट पडलं होतं. खुर्ची ढकलत स्वतः सर्जन आले होते. ते एरवी कुणाची खुर्ची ढकलत नाहीत, म्हणून मी उभीच राहिले.

“बिडीनं यांच्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात,” सर्जन म्हणाले. “करंगळी मी काढली. उरलेला पाय ठेवायचा की गुडघ्याखाली काढायचा, ते माझ्या टेबलावर ठरणार नाही. तुमच्या खोलीत ठरेल.”

एवढं बोलून ते गेले. भाईनं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग त्यानं मला विचारलं, “ताई, ह्याच्यावर इंजेक्शन हाय का?”

“नाही.”

“मग गोळी?”

“गोळी आहे. पण ती तुमच्या हातातली बिडी काढून घेत नाही.”

“मग काय करती?”

“तलफ कमी करते. बाकीचं तुम्ही आणि मी करायचं.”

“म्हंजे तुमी काय करनार?”

“मी ओरडणार.”

तो हसला. दात काळपट होते, पण हसू चांगलं होतं. मग हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. “बँडवाला बसून वाजवत न्हाई, ताई,” तो म्हणाला. “नवरदेव घोड्यावर. बाकी समदे चालत. पाय गेला तर मी कुठं जाऊ?”

मी त्याला पाणी दिलं.

आमच्याकडं बहुतेकांना निकोटिनचं च्युइंगम देतात. इकडच्या माणसांना ते वापरायला शिकवावं लागत नाही. थोडं चावून गालात धरा म्हटलं की लगेच कळतं, कारण तंबाखूचा बार भरायची सवय असतेच. पण भाईच्या आजारात निकोटिन कुठल्याही वाटेनं अंगात गेलं तरी रक्तवाहिनी आवळते. म्हणून आमच्या डॉक्टरांनी त्याला निकोटिन नसलेली गोळी दिली. ही गोळी बिडी चालू असतानाच सुरू करायची असते आणि थोड्या दिवसांनी एक दिवस ठरवून बिडी बंद करायची असते. भाईला हे फारच पसंत पडलं. “बिडी वढत वढत औषध खायाचं? असला डागदर पयल्यांदा बघितला,” असं तो बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना सांगत सुटला. मला बाहेर जाऊन त्याला गप्प करावं लागलं.

गोळीनं तोंड कोरडं पडायला लागलं. दुसऱ्या कुणाचं काही अडलं नसतं, पण क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पट्टी ओठांत ओली झाल्याशिवाय सूर धरत नाही. भाईनं आपल्या मनानंच गोळी बंद करून टाकली. “तोंड पापडावानी वाळलंय, त्यातनं सूर कसा काढू?” असं तो मलाच दरडावून विचारायला लागला. मी ओरडणार म्हटलं होतं, ते त्या दिवशी करून दाखवलं. मग डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलून दिली, घोट घोट पाणी पीत राहायला सांगितलं आणि हळूहळू तोंडही सरावलं.

बाकीचं आम्ही दोघं मिळून शोधत होतो. उठल्यावर बिडी. चहावर बिडी. वाद्याचे भाग जोडताना बिडी ओठात, ते सोडताना बिडी ओठात. मी म्हटलं, जोडताना आणि सोडताना पाण्याची बाटली ओठाला लावायची. हाताला चाळा म्हणून वाद्य पुसायचं फडकं खिशात ठेवायचं, बिडीचा कट्टा असायचा त्याच खिशात. तलफ आली की वाद्य पुसत बसायचं, ती वर चढते तशी खालीही उतरते. “वाद्य झिजंल की ओ,” भाई म्हणाला. झिजू दे, म्हटलं.

एक गोष्ट मात्र त्याची त्यानंच सांगितली. रमजानमध्ये तो दिवसभर एकही बिडी ओढत नसे. सूर्य मावळला की एका हातात खजूर आणि दुसऱ्यात काडीपेटी. “रोज्यात दिसभर आठवन बी येत न्हाई, ताई. आन् इतर वक्ताला तासभर निभत न्हाई. हे कसं काय?” अंगाला जमतं, मन आडवं येतं, असं काहीतरी मी बोलले.

बिडी बंद करायला त्यानं जुम्म्याचा दिवस निवडला. घरातले सगळे कट्टे बादलीत बुडवून टाकले आणि मला फोन करून सांगितलं. पहिले दिवस वाईट गेले. तो बायकोवर खेकसला, ढोलवाल्याशी भांडला, माझ्यावरही एकदा आवाज चढवला. मी त्याच्या वर चढवला. पण बिडीला त्याचा हात लागला नाही. चाकाची खुर्ची सुटून काठी हातात आली आणि मी मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले.

मग माणदेशातलं लग्न आलं. दहिवडीच्या पुढचं गाव, कामाला मुंबईला असलेली सगळी पोरं लग्नाला आलेली. भाई टेम्पोत बसून वाजवणार होता, चालायची परवानगी नव्हती. जाण्याआधी आम्ही तयारी केली होती. लग्नाच्या बैठकीत पान, सुपारी, तंबाखू, बिड्या आणि काडीपेटी असं ताट फिरतं. ते समोर आलं की काय म्हणायचं, याची तालीम माझ्या खोलीत झाली होती. ‘नको’ म्हणायचं.

परत आला तेव्हा तो खाली बघत होता. “घेतली,” म्हणाला.

“नको म्हटलं नाहीत?”

“म्हनलो की. तीनदा म्हनलो.”

“मग?”

“मग पावन्यानं सोताच पेटवली आन् माझ्या हातात दिली. पेटल्याली बिडी हातात आल्यावर काय करायचं, ताई?”

मी चिडले होते, पण कुणावर चिडावं ते कळत नव्हतं. मी त्याला पुन्हा तालमीला बसवलं. मी नवरीचा मामा झाले, डबीतला खडू बिडी म्हणून पुढं केला. “घ्या की भाई.” भाई मान तिरकी करून, छातीवर हात ठेवून इतक्या गोडीनं “नको” म्हणाला की माझाच हात आणखी पुढं गेला. पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. आमच्याकडचा ‘नको’ हा नकार नसतोच मुळी. पाहुण्यानं नको म्हणायचं असतं आणि यजमानानं ऐकायचं नसतं. एकदा विचारल्यावर पाहुण्यानं घेतलं तर तो हावरट ठरतो आणि एकदाच विचारून यजमान थांबला तर तो चिक्कू ठरतो. दोघांची अब्रू राहावी म्हणून मधे हा ‘नको’ ठेवलेला आहे.

प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की ठामपणे नाही म्हणायला शिकवा. शिकवणारा आमच्या भागातल्या पंगतीला कधी बसला नसावा. मी भाईला म्हटलं, बरं, ठाम नाही म्हणून बघा. त्यानं मान हलवली. “मी सरळ न्हाई म्हनलो तर पावना म्हनंल, आमच्या हातचं घेत न्हाईस व्हय? बँडवाल्यानं असं म्हनवून घ्यायचं नसतंय. परत त्या गावात कोन बोलवंल?”

त्याचं बरोबर होतं. पाय एका शब्दावरून जायची वेळ आली होती आणि दुसरा शब्द माझ्याकडं नव्हता.

त्याच आठवड्यात साताऱ्याला माझ्या मावसबहिणीकडं वास्तुशांत होती. पंगतीला मी जिलेबी नको नको म्हणत होते. ताटावर हात आडवा धरला, तरी वाढणाऱ्यानं हाताच्या बाजूनं दोन सोडल्याच. मग तो माझ्या शेजारी बसलेल्या काकूंकडं वळला. काकूंनी हात आडवा धरला नाही, मान हलवली नाही. वर न बघता नुसतं म्हणाल्या, “मला चालत नाही.” आणि वाढणारा गुपचूप पुढं गेला. त्यानं ‘का?’ असं विचारलं नाही, आग्रह केला नाही, थोडं तरी घ्या म्हटलं नाही. साखर असेल, उपास असेल, कसला नेम असेल, काय असेल ते असेल. चालत नाही म्हटल्यावर विषय मिटला.

जन्मभर हे शब्द मी ऐकत आले होते. सोमवारी मटण चालत नाही, चतुर्थीला भात चालत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा नीट कानात शिरले. मी त्या पंगतीत एकटीच मोठ्यानं हसले. जिलेबी फार आवडली असं समजून वाढप्यानं आणखी एक टाकली.

सांगलीला आल्यावर मी भाईला बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्याला समजावून सांगावं लागलंच नाही. “म्हंजे रोज्यासारखं!” तो म्हणाला. “रोजा हाय म्हनलं की पाटील बी दुसऱ्यांदा चा घे म्हनत न्हाई. आन् माझं मलाबी मग घ्यावं वाटत न्हाई.”

मागं त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं. जे आपल्याला चालत नाही, त्याच्याशी दिवसभर झटापट करावी लागत नाही. आम्ही तालीम केली. मी पुन्हा नवरीचा मामा झाले. “घ्या की भाई, लाजता काय.”

“मला चालत न्हाई, पावनं.”

खडू मी परत डबीत ठेवला.

पुढचं लग्न आष्ट्याकडचं होतं. तिथून आला तो हसतच आला, काठी भिंतीला टेकवताना दोनदा पडली इतका हसत होता. “काय सांगू ताई! ताट आलं. मी म्हनलो, मला चालत न्हाई. तर पावनं माझ्या पायाकडं बघतंय, काठीकडं बघतंय आन् म्हनतंय, आरं मग चालू नगंस की गड्या! कोन चाल म्हनतंय? बस हितं आन् निवांत वड!”

आम्ही दोघंही इतके हसलो की शेजारच्या ड्रेसिंगच्या खोलीतून सिस्टर डोकावून गेल्या. जरा थांबल्यावर मला भीती वाटली. “मग घेतलीत?”

“न्हाई ओ. हसायला आलं. हसता हसता बिडी वढता येत न्हाई. मग म्हनलो, पावनं, पाय चालतुय, बिडी चालत न्हाई. तवा त्येनी ताट उचललं.”

तेव्हापासून तो पूर्ण वाक्य म्हणायला लागला. ‘बिडी चालत न्हाई.’ गावोगाव ते वाक्य चाललं. पुन्हा कुणी त्याच्या हातात पेटवून दिली नाही. गोळ्यांचा कोर्स चालू होता, तलफ उतरत चालली होती आणि मला वाटलं, आता गंगेत घोडं न्हालं.

पण पाय ऐकेना. करंगळीची जखम भरत नव्हती आणि शेजारचं बोट जांभळट होतं ते काळपटाकडं निघालं. झोपताना पाय खाटेखाली लोंबकळत ठेवला तरच ठणका सोसवायचा. सर्जननी मला वॉर्डात बोलावून सरळ विचारलं, “बिडी खरंच बंद आहे?” मी म्हटलं, आहे. “मग असं व्हायला नको. पुढच्या वेळी असंच दिसलं तर मी थांबणार नाही.”

मी भाईला विचारलं. गोड बोलून विचारलं, रागावून विचारलं. त्यानं गळ्याला हात लावला. “अम्मीची शप्पत, ताई. बिडी न्हाई, तंबाखू न्हाई.” मी त्याच्या बोटांना, शर्टाला चक्क वास घेऊन बघितला. काही नव्हतं. तो खरं बोलत होता हे मला कळत होतं आणि त्याचा पाय चालला होता हे दिसत होतं. त्या दिवसांत मी घरात कुणाशी धड बोलले नाही. सासूबाईंनी विचारलंसुद्धा, की तुझी बिडी कुणी सोडवली?

ठरलेल्या दिवशी भाई आला नाही. फोन लागेना. सर्जनना भिऊन बसला असेल म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच मी स्कूटर काढली आणि माधवनगरला गेले. जुन्या गिरणीच्या मागच्या गल्लीत त्याचं घर. गल्लीच्या तोंडालाच घशात खवखवलं आणि ठसका लागला. दारात चुलीपुढं त्याची म्हातारी आई बसली होती, तव्यावर काहीतरी काळं भाजत. मला बघून तिनं पदर सावरला. “आवं बसा बाई. रातच्याला लांबच्या लग्नाला गेला हुता, आत्ता उठलाय.”

भाई आतून आला. मला बघून लाजला, फोन बंद पडल्याचं काहीतरी पुटपुटला. तेवढ्यात आईनं न बोलता त्याच्या तळहातावर तव्याशेजारच्या डबीतली चिमूट ठेवली, आणि भाई बोट त्यात बुडवून हिरड्यांवर फिरवत मला म्हणाला, “बसा ताई. दात घासतो आन् आलोच.”

मी किंचाळले. शेजारची बाई साप निघाला म्हणून धावत आली.

“भाई, हे काय आहे?”

“मिश्री,” तो म्हणाला.

“मिश्री कशाची करतात?”

त्याचं बोट तोंडातच राहिलं. “तंबाखूची,” असं म्हणताना त्याचा आवाज बारीक झाला. मग मला समजवायला लागला, “पन ही खायाची न्हाई, ताई. ही लावायची.”

बिडी ओढता का, असं मी विचारलं होतं. तंबाखू खाता का, असंही विचारलं होतं. तो ओढत नव्हता आणि खातही नव्हता. तो लावत होता. भाजून काळी पूड केलेली तंबाखू रोज सकाळी हिरड्यांवर, लहानपणी दाढ दुखली तेव्हापासून. घरातले सगळे लावत होते. तिला तंबाखू म्हणतं कोण? ती दात घासायची. आईच्या शपथेत तो तसूभर खोटं बोलला नव्हता.

मी चुलीशेजारीच बसले. हायसं वाटलं. काय बिघडलंय ते अखेर समोर दिसलं होतं, तेही एवढ्याशा डबीत. मी आईला सांगितलं की बिडीत असतं तेच विष ह्यात असतं, ते हिरडीतून रक्तात जातं आणि पायाची नळी आवळतं.

म्हातारीनं तव्याकडं बघितलं. मग एकदम उसळली. “म्हंजे माझ्या हातानं मी पोराचा पाय खातीया, असं म्हनता तुमी?”

“तुम्हाला ठाऊक नव्हतं, अम्मी.”

मिश्रीत विष असतं यावर तिचा विश्वास बसला नसावा. सवयीनं किंवा रागानं तिनं डबी उचलून पुन्हा पोरापुढं धरली. बघू आता कोण खरं, अशा नजरेनं. आईचा हात होता तो. पाहुण्याला परतवणं वेगळं आणि हे वेगळं. भाईनं माझ्याकडं बघितलं नाही. तळहातावरची चिमूट खाली झटकली.

“अम्मी, मला चालत न्हाई.”

तिनं डबीचं झाकण लावलं. उठून तांब्या आणला, त्याचा हात धरून तळवा स्वतः धुतला, चूळ भरायला लावली आणि आत जाऊन बसली. तिथून तिचा आवाज आला, “मी मातूर माझी लावनार. माझं पाय धड हाईत.” ती अजून लावते, घरामागं जाऊन. माझी पुढची पेशंट तीच आहे, फक्त तिला अजून सांगितलेलं नाही.

मिश्री सोडायला बिडीएवढा त्रास झाला नाही, गोळी चालूच होती. सकाळी तोंड मात्र त्याला परक्याचं वाटायचं. त्यानं दंतमंजन आणलं आणि ते किती बेचव आहे ते मला पुष्कळ दिवस ऐकवलं. मी ऐकून घेतलं, कारण ठणका कमी होत होता. एक दिवस त्यानं फोन केला आणि म्हणाला, “ताई, पाय खाटेवर घेऊन झोपलो.” मी ऑफिसात होते, समोर दुसरा पेशंट होता, तरी मला हुंदका आवरला नाही. पेशंट घाबरून म्हणाला, मी सोडतो बिडी, तुम्ही रडू नका.

सर्जननी पाय बराच वेळ हातात धरला. बोटं दाबून बघितली, पुन्हा सोडून बघितली. जखमेवर गुलाबी कातडं आलं होतं. “गरम आहे,” ते म्हणाले. मग माझ्याकडं बघितलं. “काढायचा नाही. चालू दे याला.”

यंदा माझ्या भाच्याचं लग्न साताऱ्यात झालं. साताऱ्यात काय बँड मिळत नाहीत, म्हणून बहिणीनं वाद घातला. सांगलीहूनच आणायचा, म्हणून मी त्याहून मोठा घातला. वरात मारुतीच्या देवळापासून हॉलपर्यंत होती. भाई पुढं होता, काठी नव्हती, पायात मऊ बूट होते आणि गाल फुगवून तो असा वाजवत होता की भाच्याचा घोडा देखील कान टवकारून चालला होता. मी वरातीत नाचत नाही. त्या दिवशी बायकांच्या घोळक्यातून मी फक्त त्याचे पाय बघत चालले. एक पुढं, मग दुसरा पुढं.

हॉलच्या दाराशी बँड थांबला आणि ताट घेऊन माझे काका निघाले. आमच्या काकांचा आग्रह म्हणजे काय, ते सगळ्या नात्यागोत्यात ठाऊक आहे. त्यांच्या आग्रहापायी डॉक्टरांनी गोड बंद केलेल्या माणसांनी पुरणपोळ्या खाल्ल्यात. पण मी जागची हलले नाही.

“घ्या बँडवाले, लय झकास वाजवलं,” काका म्हणाले आणि बिडी काढून पुढं धरली.

“बिडी चालत न्हाई मला, काका.”

काकांचा हात थांबला. पण ते काका होते, पुरतं सोडणं त्यांच्या स्वभावात नाही. आदरानंच त्यांनी विचारलं, “आसं व्हय? काय पाळताय?”

त्यांना वाटलं, कसला नवस असेल, कुठल्या पीराचा नेम असेल.

“पाय,” भाई म्हणाला.

काकांनी खाली बघितलं. “पाळा, पाळा,” म्हणाले आणि त्याच्यापुढं धरलेली बिडी स्वतःच्या कानावर खोचून ताट घेऊन पुढं निघून गेले.

बँडवाल्यांची पंगत बसली तेव्हा जिलेबीचं पातेलं मी हातात घेतलं. भाईपुढं आले. त्यानं मान तिरकी केली, छातीवर हात ठेवला. “नको ताई, नको, लय झालं.”

मी दोन वाढल्या. त्यानं खाल्ल्या.